गुप्तहेर नाटकात शिरले आणि चाहते भांडू लागले: १९६६ च्या एका म्युझिकल एपिसोडचा वाद अजून का मिटत नाही?

फेब्रुवारी २०२२ मधला सुपर बोलचा हाफटाइम शो आठवतोय? डॉ. ड्रे आणि स्नूप डॉग स्टेजवर आले आणि सुरुवातच झाली 'द नेक्स्ट एपिसोड'नं. त्या गाण्यातली गिटारची ती ठसकेबाज धून तुम्ही रील्सवर, मीम्सवर, लग्नाच्या डीजेवर कुठे ना कुठे ऐकलेलीच आहे. पण ती धून डॉ. ड्रेची नाही. ती आली आहे १९६० च्या दशकातल्या 'द एज' नावाच्या एका ट्रॅकमधून, आणि तो ट्रॅक ज्याच्या नावावर निघाला तो माणूस होता एका टीव्ही मालिकेत गुप्तहेराचं काम करणारा नट. डेव्हिड मॅकलम.

नव्या पिढीला मॅकलम माहितीये तो 'एनसीआयएस'मधला म्हातारा, बोलका डॉक्टर 'डकी' म्हणून. पण त्याच्या आधी, म्हणजे १९६४ ते १९६८ या काळात, तो 'द मॅन फ्रॉम अंकल' या अमेरिकन मालिकेतला रशियन एजंट इलिया कुर्याकिन होता. २५ सप्टेंबर २०२३ रोजी वयाच्या ९० व्या वर्षी तो गेला. त्याचा जोडीदार नेपोलियन सोलो साकारणारा रॉबर्ट वॉन २०१६ मध्येच गेला होता. म्हणजे मालिकेचे दोन्ही हिरो आता नाहीत. मालिका बंद होऊनही अर्धशतक उलटून गेलंय. तरी जुन्या चाहत्यांमधला एक वाद काही केल्या थांबत नाही.

वाद आहे एका म्युझिकल एपिसोडचा. नाव, 'द ऑफ-ब्रॉडवे अफेअर'. प्रसारण, १८ नोव्हेंबर १९६६.

एका गटाचं म्हणणं, याच वळणावर मालिकेनं स्वतःची किंमत घालवली. दुसऱ्या गटाचं म्हणणं, अहो, तो तर त्या सीझनमधला सगळ्यात मजेदार तास आहे. वरवर पाहिलं तर हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. पण जरा खोलात गेलं की लक्षात येतं, भांडण गाण्यांवरून नाहीच आहे.

आधी मालिका समजून घेऊ

'अंकल' म्हणजे काका-मामा नव्हे. 'युनायटेड नेटवर्क कमांड फॉर लॉ अँड एन्फोर्समेंट' या लांबलचक नावाची ती आद्याक्षरं. न्यूयॉर्कमधल्या डेल फ्लोरिया नावाच्या शिंप्याच्या साध्या दुकानातून आत शिरायचं आणि मागे थेट आंतरराष्ट्रीय गुप्तहेर संघटनेचं मुख्यालय, अशी ती कल्पना. समोर शत्रू 'थ्रश' नावाची जग जिंकायला निघालेली टोळी.

मालिकेचा निर्माता नॉर्मन फेल्टन. जेम्स बाँडचा जनक इयन फ्लेमिंगशी त्याची सुरुवातीला बोलणी झाली होती आणि नेपोलियन सोलो हे नाव फ्लेमिंगकडूनच आलं. पण मालिकेला खरा आकार दिला लेखक-निर्माता सॅम रोल्फनं. २२ सप्टेंबर १९६४ रोजी एनबीसीवर पहिला एपिसोड आला. पहिला सीझन ब्लॅक अँड व्हाइट, पुढचे रंगीत. एकूण १०५ एपिसोड, आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी 'अफेअर'.

आता यातली खरी धाडसाची गोष्ट कोणती? क्युबाच्या क्षेपणास्त्र संकटात अमेरिका आणि सोव्हिएत युनियन अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर उभे राहिले ते ऑक्टोबर १९६२ मध्ये. त्याला दोन वर्षंही झाली नव्हती आणि अमेरिकेच्या घराघरांत एक अमेरिकन आणि एक रशियन एकमेकांचा जीव वाचवताना दिसू लागले. इलियाची भूमिका सुरुवातीला अगदी किरकोळ होती, एखाद-दोन वाक्यांची. पण प्रेक्षकांनी त्याला असं उचलून धरलं की निर्मात्यांना त्याला सोलोच्या बरोबरीला आणावंच लागलं. काळा टर्टलनेक, सोनेरी केस, कमी बोलणं. शीतयुद्धाच्या ऐन भरात अमेरिकन मुलींच्या खोलीत एका रशियन एजंटचं पोस्टर लागलं, ही साधी गोष्ट नव्हती.

हे लक्षात ठेवा, कारण म्युझिकल एपिसोडवर चिडणाऱ्यांचा राग इथूनच येतो.

त्या एपिसोडमध्ये आहे तरी काय?

ऑफ-ब्रॉडवे म्हणजे न्यूयॉर्कमधली छोटी नाट्यगृहं. ब्रॉडवेची मोठी, पाचशेहून जास्त खुर्च्यांची. ऑफ-ब्रॉडवेची साधारण १०० ते ४९९ खुर्च्यांची. अशाच एका नाट्यगृहात एक संगीत नाटक चालू आहे आणि त्याच्या आडून थ्रशची माणसं अंकलच्या संदेशवहनात घुसली आहेत, असं कथेचं बीज. मग सोलो आणि इलिया त्या नाटकाच्या मागे लागतात. त्यांना मदत करते नाटकातली एक बदली नटी, म्हणजे मुख्य नटी नसली तर तिच्या जागी उभी राहणारी. ही भूमिका केली शारी लुईसनं.

शारी लुईस तेव्हा अमेरिकेतल्या घराघरांत ओळखीची होती. पण कशासाठी? 'लँब चॉप' नावाच्या मेंढीच्या बाहुलीला बोलतं करणारी शब्दभ्रमकार म्हणून. १९६० ते १९६३ या काळात एनबीसीवर तिचा लहान मुलांचा कार्यक्रम होता. गाणं, नाच, विनोद सगळं तिच्या हाताशी. म्हणजे गुप्तहेर मालिकेनं पाहुणी म्हणून बोलावलं ते मुलांच्या लाडक्या कलाकाराला. निर्मात्यांना कुठे जायचं होतं ते या एका निवडीवरूनच कळतं.

एक बारकावा इथे महत्त्वाचा. 'म्युझिकल एपिसोड' म्हटलं की आज आपल्या डोळ्यांसमोर येतो 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर'चा २००१ मधला गाजलेला एपिसोड, किंवा 'स्टार ट्रेक: स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'चा ऑगस्ट २०२३ मधला 'सबस्पेस ऱ्हॅप्सडी'. तिथे पात्रं बोलता बोलता गाऊ लागतात आणि आपण का गातोय याचं त्यांनाच आश्चर्य वाटतं. बफीमध्ये त्यामागे जादू असते, स्टार ट्रेकमध्ये अवकाशातली काहीतरी गडबड. 'ऑफ-ब्रॉडवे अफेअर'मध्ये असलं काही नाही. तिथे नाटक आहे म्हणून गाणी आहेत. कथेच्या हिशेबानं एकही गाणं अशक्य नाही.

मग बिनसलं कुठे?

नाराज चाहत्यांची बाजू

नाराज गटाचा मुद्दा ऐकला तर तो अजिबात बालिश नाही. गुप्तहेराची गोष्ट एका अटीवर चालते, ती म्हणजे हा माणूस खरोखर मरू शकतो असं आपल्याला वाटलं पाहिजे. सोलो कितीही मिश्किल असला तरी पहिल्या सीझनमध्ये बंदुकीतून सुटलेली गोळी ही गोळी असते. खलनायक हसला तरी अंगावर काटा येतो. म्हणून त्यातला विनोदही लागू पडतो, कारण तो घाबरलेल्या माणसाचा विनोद असतो.

तिसऱ्या सीझनमध्ये ही अटच मोडली, असं हे चाहते म्हणतात. थ्रशची माणसं विदूषक झाली. आणि शत्रूच विदूषक असेल, तर एक अमेरिकन आणि एक रशियन एकत्र येऊन त्याच्याशी लढतात याला अर्थ काय उरला? जी कल्पना १९६४ मध्ये धाडसी होती ती १९६६ मध्ये दोन मित्रांची टिंगलटवाळी बनली. म्युझिकल एपिसोड त्यांना खुपतो तो यासाठी. गाणी वाईट आहेत म्हणून नव्हे, तर 'हे सगळं खोटंय, मजा घ्या' असं मालिका स्वतःच प्रेक्षकाला डोळा मारून सांगते म्हणून.

शिवाय बाजारात त्याचं दुकान आधीच थाटलेलं होतं. १८ सप्टेंबर १९६५ पासून 'गेट स्मार्ट' ही गुप्तहेरांची खिल्ली उडवणारी मालिका सुरू झाली होती, तीही एनबीसीवरच. बुटात फोन असलेला एजंट, हे त्यातलं प्रसिद्ध दृश्य. म्हणजे एकाच चॅनेलवर एक मालिका गुप्तहेरांची चेष्टा करण्यासाठीच बनलेली, आणि दुसरी जिची चेष्टा व्हायची ती स्वतःच स्वतःची चेष्टा करू लागलेली. वर १७ सप्टेंबर १९६६ ला सीबीएसवर 'मिशन: इम्पॉसिबल' आली. अत्यंत गंभीर, शिस्तीची. हसायचं असेल तर 'गेट स्मार्ट', श्वास रोखायचा असेल तर 'मिशन: इम्पॉसिबल'. अंकल मध्येच अडकलं.

आणि ज्यांना तो एपिसोड आवडतो?

या गटाचा पहिला मुद्दा मॅकलमबद्दल असतो, आणि त्यात तथ्य आहे. त्याचे वडील लंडन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचे प्रमुख व्हायोलिनवादक, आई चेलोवादक. स्वतः मॅकलम ओबो शिकला आणि मग अभिनयाकडे वळला. इलिया म्हणून प्रसिद्धी मिळाल्यावर कॅपिटल रेकॉर्ड्सनं त्याच्या नावावर अल्बम काढले. एरवी असे स्टार लोक बेसूर गाऊन पैसे कमावतात. मॅकलमनं गाण्याऐवजी वाद्यसंगीत निवडलं आणि त्याला साथ मिळाली निर्माता डेव्हिड ॲक्सलरॉडची. 'द एज' त्यातूनच आला. तर अशा माणसाला संगीताच्या जगात नेऊन सोडणारा एपिसोड करायचा मोह कोणाला होणार नाही?

दुसरा मुद्दा रचनेचा. अंकलच्या जवळपास प्रत्येक गोष्टीत एक सामान्य माणूस असतो. गृहिणी, शिक्षिका, पर्यटक, कुणीही. चुकून या गुप्तहेरांच्या भानगडीत ओढला जातो आणि शेवटी मोलाचा ठरतो. बाँडच्या जगात सामान्य माणसाला जागा नाही. अंकलच्या जगात तोच केंद्रस्थानी. आता विचार करा, कायम दुसऱ्याच्या जागी उभं राहण्याची वाट बघणारी बदली नटी ही या साच्यात किती चपखल बसते. चाहते म्हणतात, हा एपिसोड मालिकेशी बेइमान नाही, उलट तिच्या मूळ कल्पनेला धरून आहे. आणि गुप्तहेर तरी काय करतो? वेगळं नाव घेतो, वेगळे कपडे चढवतो, पाठ केलेली वाक्यं बोलतो.

हा युक्तिवाद वजनदार आहे. खरं सांगायचं तर नाराज गटाकडे याला चांगलं उत्तर नाही.

पण त्यांच्याकडे दुसरं काहीतरी आहे. कॅलेंडर.

सहा आठवडे

एपिसोड सुटा पाहिला तर एक दिसतो आणि रांगेत पाहिला तर दुसराच. १९६६ च्या शेवटच्या शुक्रवारांकडे बघा.

१८ नोव्हेंबरला 'ऑफ-ब्रॉडवे'. मग २५ नोव्हेंबर आणि २ डिसेंबरला 'द काँक्रीट ओव्हरकोट अफेअर' ही दोन भागांची कथा. जॅक पॅलन्स आणि जॅनेट ली असे मोठे पाहुणे, पुढे हेच दोन भाग जोडून 'द स्पाय इन द ग्रीन हॅट' नावानं सिनेमा म्हणून काढले. ९ डिसेंबरला 'द ॲबॉमिनेबल स्नोमॅन अफेअर'. आणि १६ डिसेंबरला 'द माय फ्रेंड द गोरिला अफेअर'.

होय, गोरिला. अर्थातच गोरिलाच्या वेशातला माणूस. आणि नेपोलियन सोलो त्याच्याबरोबर नाचतो. मालिकेचा तळ कोणता असं विचारलं तर बहुतेक चाहते डोळे झाकून याच दृश्याचं नाव घेतात. २३ डिसेंबरला नाताळचा एपिसोड. ३० डिसेंबरला 'द टेक मी टू युवर लीडर अफेअर', पाहुणी नॅन्सी सिनात्रा, म्हणजे पुन्हा गाणं.

नोव्हेंबर-डिसेंबरचे हे सहा-सात आठवडे सलग सोसलेल्या प्रेक्षकाच्या डोक्यात म्युझिकल आणि गोरिला यांची एक गाठ बसली. 'तेव्हापासून बिघडलं' हे वाक्य तिथूनच निघतं. पण या दोन एपिसोडमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्युझिकलमध्ये गाण्याला कारण आहे, नाट्यगृह आहे, धोका आहे, एक पात्र आहे जिचं काहीतरी पणाला लागलंय. गोरिलासोबतच्या नाचाला कारण नाही. तिथे नायक नाचतो कारण लेखकाला त्या क्षणी दुसरं काही सुचलेलं नाही. पहिला विनोद कथेतून येतो, दुसरा कथेवर थुंकतो. दोन्हींना एकाच पोत्यात भरणं हा 'ऑफ-ब्रॉडवे'वरचा अन्याय आहे.

आणि लेखकांना सुचत का नव्हतं, याचंही उत्तर आहे. सप्टेंबर १९६६ मध्ये याच निर्मितीसंस्थेनं 'द गर्ल फ्रॉम अंकल' ही दुसरी मालिका सुरू केली. स्टेफनी पॉवर्स मुख्य भूमिकेत. मूळ मालिकेचे त्या सीझनमध्ये ३० एपिसोड आणि हिचे २९. म्हणजे एका वर्षात अंकलचे ५९ तास! आज एखादी वेब सिरीज आठ भागांसाठी दोन वर्षं घेते. तेव्हा जवळपास एकाच कोठीतून दर आठवड्याला दोन ताटं वाढायची होती. आमटीत पाणी पडणारच.

बॅटमॅनची सावली

या सगळ्यामागचा खरा 'गुन्हेगार' मात्र गुप्तहेरांच्या जगातला नव्हता. तो होता बॅटमॅन.

१२ जानेवारी १९६६ रोजी एबीसीवर ॲडम वेस्टचा 'बॅटमॅन' सुरू झाला. भडक रंग, मारामारीत पडद्यावर उमटणारे 'पॉव', 'बॅम', मुद्दाम केलेला अतिरेक. लोक वेडे झाले. १९६५-६६ च्या हंगामात बॅटमॅनचा गुरुवारचा भाग देशात पाचव्या क्रमांकावर होता, बुधवारचा दहाव्या. रेटिंग अनुक्रमे २७ आणि २४.७. म्हणजे टीव्ही असलेल्या दर १०० घरांपैकी साधारण २५ ते २७ घरांत तो लागत होता.

आता त्याच हंगामात अंकल कुठे होतं? २४ रेटिंगसह तेराव्या स्थानावर. म्हणजे मालिका बुडत नव्हती. उलट आपल्या सर्वोच्च बिंदूवर होती. बॅटमॅनपासून फरक फार मोठा नव्हता. आणि तरीही तिसऱ्या सीझनसाठी वारं बॅटमॅनच्या दिशेनं फिरलं.

सॅम रोल्फ पहिल्या सीझननंतर निघून गेला होता. तिसऱ्या सीझनची सूत्रं आली बोरिस इंगस्टर यांच्याकडे. चाहत्यांच्या दृष्टीनं हे नाव म्हणजे खलनायकाचंच. पण गंमत बघा, याच इंगस्टर यांनी १९४० मध्ये 'स्ट्रेंजर ऑन द थर्ड फ्लोअर' हा सिनेमा दिग्दर्शित केला होता, आणि अनेक अभ्यासक त्याला पहिला फिल्म न्वार मानतात. अंधार, भीती, अपराधगंड यांचं व्याकरण ज्यानं पडद्यावर लवकर मांडलं, तोच माणूस इथे गोरिलाचा नाच दाखवत होता. गांभीर्य त्याला कळत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. त्यामुळे सगळं खापर एकट्या इंगस्टरवर फोडणं पटत नाही.

परिणाम काय झाला? १९६६-६७ च्या हंगामात अंकल पहिल्या ३० कार्यक्रमांच्या यादीतून बाहेर फेकलं गेलं.

पण तेव्हाचा दहा वर्षांचा मुलगा काय म्हणेल?

या वादातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे वेळेची. दुसऱ्या सीझनमध्ये मालिका लागायची शुक्रवारी रात्री १० ला. तिसऱ्यात ती आली शुक्रवारी ८.३० ला. दीड तासाचा फरक. पण घरात लहान मुलं असतील तर हा दीड तास म्हणजे सगळं काही. दहाला मुलं झोपलेली असतात. साडेआठला ती टीव्हीसमोर मांडी ठोकून बसलेली असतात.

म्हणजे १९६६ मध्ये जी मुलं नऊ-दहा वर्षांची होती, त्यांच्यापैकी अनेकांची अंकलशी पहिली भेट झाली ती याच सीझनमध्ये. त्यांच्यासाठी म्युझिकल एपिसोड ही घसरण नव्हतीच, ती सुरुवात होती. पहिला सीझन त्यांनी नंतर पाहिला असेल, बहुधा मोठेपणी. ही मुलं आज सत्तरीच्या आसपास आहेत. एखाद्या सत्तरीतल्या माणसाला 'तू लहानपणी ज्याच्यावर जीव लावलास ती खरी मालिका नव्हतीच' असं सांगून बघा. भांडण होणार नाही तर काय?

म्हणून हा वाद फक्त चांगला एपिसोड की वाईट एपिसोड एवढ्यावर मिटत नाही. जे रात्री दहाला पाहायचे ते म्हणतात, आमच्याकडून एक शहाणी मालिका काढून घेतली. जे साडेआठला पाहायचे ते म्हणतात, आम्हाला बालपण मिळालं. दोघंही आपापल्या शुक्रवारबद्दल बोलतायत.

२००७ मध्ये संपूर्ण मालिका ४१ डीव्हीडींच्या पेटीत आली आणि तिसरा प्रकार जन्माला आला, सलग पाहणाऱ्यांचा. आठवड्यातून एकदा गंमत म्हणून खपणारी गोष्ट एका रात्रीत चार-पाचदा पाहिली की कंटाळा येतो. या प्रेक्षकाचा तिसऱ्या सीझनवरचा राग सगळ्यात जास्त असेल तर नवल नाही. मालिका तशी पाहण्यासाठी बनलीच नव्हती.

आपल्याकडे हा वाद समजायला जरा वेळ लागतो, त्याचं कारण उघड आहे. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, म्हणजे १९६६ मध्ये इथल्या घरांत हे पाहण्याचा प्रश्नच नव्हता. आणि दुसरं म्हणजे, गुप्तहेरानं गायचं नाही हा नियमच आपल्याला माहीत नाही. १९६७ मध्ये, अमेरिकेत अंकलचे चाहते कपाळाला हात लावत होते तेव्हा, हिंदीत 'फर्ज' आला. गिरगावच्या चाळीत वाढलेला जितेंद्र त्यात एजंट ११६ होता, आणि सिनेमा डोक्यावर घेतला गेला तो त्यातल्या गाण्यांसाठी, नाचासाठी. मूळ तेलुगू 'गूढचारी ११६' सुद्धा १९६६ चाच. संगीत नाटकावर पोसलेल्या मराठी माणसाला तर नायक ऐन संकटात तान घेतो यात काही वावगं वाटतच नाही. आपल्यासाठी गाणं म्हणजे गांभीर्य सुटणं नव्हे. अमेरिकन टीव्हीच्या प्रेक्षकासाठी मात्र तेव्हा तो तसाच इशारा होता.

शेवट कसा झाला?

चौथ्या सीझनमध्ये नवा निर्माता आला, अँथनी स्पिनर. गोरिला गेले, गाणी गेली, धोका परत आला. नाराज चाहत्यांना हवं ते सगळं झालं. मग मालिका सावरली का?

नाही. सोमवारी रात्री ८ ची वेळ मिळाली, समोर सीबीएसवर 'गनस्मोक' आणि पाठोपाठ 'द लूसी शो'. नुसत्या १६ एपिसोडनंतर, सीझन अर्ध्यावर असताना, १५ जानेवारी १९६८ रोजी 'द मॅन फ्रॉम अंकल' बंद झाली. एकदा गेलेला प्रेक्षक गंभीर होऊन परत येत नाही. 'गाणी आणि विनोद नसते तर मालिका टिकली असती' हा युक्तिवाद या सीझनमुळे लंगडा पडतो. अर्थात, गेलेला प्रेक्षक तिसऱ्या सीझननंच घालवला होता, असं नाराज गट म्हणेल. त्यालाही उत्तर देणं अवघड आहे.

ज्याच्या मागे धावत हे सगळं झालं तो बॅटमॅन? तो बंद झाला १४ मार्च १९६८ ला. अंकलनंतर दोन महिन्यांच्या आत.

आणि अंकलच्या जागी सोमवारी रात्री ८ ला एनबीसीनं काय आणलं? 'रोवन अँड मार्टिन्स लाफ-इन'. विनोद, नाच, गाणी, चुटकुले, भडक रंग. पुढची सलग दोन वर्षं तो अमेरिकेतला पहिल्या क्रमांकाचा कार्यक्रम होता.

२०१५ मध्ये गाय रिची यांनी हेन्री कॅव्हिलला सोलो आणि आर्मी हॅमरला इलिया बनवून सिनेमा काढला. तो कुठून उचलला? पहिल्या सीझनच्या काळातून. कथा १९६३ ची, बर्लिनची भिंत, शीतयुद्ध, एकमेकांवर संशय घेणारे दोन एजंट. म्युझिकल एपिसोडचा मागमूसही नाही. नाराज गटानं हा आपला विजय मानावा का? मानू देत. त्या सिनेमानं तिकीट खिडकीवर मात्र फारसं काही केलं नाही आणि दुसरा भाग आजवर आलेला नाही.

तुम्हाला स्वतः ठरवायचं असेल तर १०५ एपिसोड पाहायची गरज नाही. पहिल्या सीझनमधला 'द प्रोजेक्ट स्ट्रिगास अफेअर' बघा. नोव्हेंबर १९६४ चा आहे आणि त्यात विल्यम शॅटनर व लिओनार्ड निमॉय दोघंही आहेत, 'स्टार ट्रेक' सुरू होण्याच्या दोन वर्षं आधी. त्यानंतर 'ऑफ-ब्रॉडवे' लावा. गोरिलावाला एपिसोड मध्ये घालू नका, आणि जमलं तर दोन्हींच्या मध्ये एक आठवडा जाऊ द्या.